व्यसनातून उठलेली परिचारिका आणि तिचे काम

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, साहित्यावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे. परिचारिकेचे व्यसन हा काय व्यासपीठावरून मांडण्याचा विषय झाला? परंतु ज्या गोष्टी आपण माजघरात कुजबुजत बोलतो, त्याच पुष्कळदा चारचौघांत बसून नीट समजून घेण्याच्या असतात. शिवाय हा विषय कोणा परक्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांना जन्मतः प्रथम उचलून घेतले ते एखाद्या सिस्टरने, आणि पुष्कळांची अखेरची रात्रही तिच्याच पहाऱ्यात जायची आहे. त्या हातालाच कंप सुटला तर काय करायचे, आणि तो कंप थांबल्यावर त्या हाताला पुन्हा काम द्यायचे की नाही, असे दोन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत. दुसरा अधिक अवघड आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवू.

आरंभी आपल्या खारेपाटातला एक दाखला घेऊ. अलिबाग-पेणकडच्या मंडळींना खांड म्हणजे काय हे सांगायला नको. उधाणाच्या भरतीला बांध फुटतो आणि खारे पाणी भातखाचरात शिरते. म्हणून काही शेतकरी ते खाचर कायमचे टाकून देत नाही. आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात लगेच त्यात नेहमीचे बियाणेही टाकीत नाही. तो आधी खांड बुजवतो. मग पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ हळूहळू धुऊन जाऊ देतो, तोवर खारे सोसणारे भात लावतो, आणि उघाडीवर नजर ठेवतो. टाकून देणे आणि विसरून जाणे, या दोहोंच्या मधली ही वाट आहे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण बहुधा पहिल्या दोन वाटांनीच जातो. तिसरी वाट कशी असते, हे समजून घेण्यासाठी आजचा हा प्रपंच.

कपाटाची किल्ली

शुश्रूषा करणारीला व्यसन लागतेच कसे, असे पुष्कळांना वाटते. तिला तर परिणाम ठाऊक असतात! पण ठाऊक असण्याने माणूस वाचत असता, तर विडी ओढणारा डॉक्टर आपल्याला कधी दिसला नसता. परिचारिकेच्या बाबतीत उलट ते ज्ञानच दगा देते. किती मात्रा घ्यावी, कोठे टोचावे, खूण कशी लपवावी, हे सारे तिला येते, आणि म्हणून 'हे आपल्या हातात आहे' असा भ्रम तिला इतरांहून अधिक काळ टिकवता येतो.

त्यात कामाचे स्वरूप पाहा. सलग रात्रपाळ्या, उचलाउचलीने धरलेली कंबर, डोळ्यांदेखत गेलेला रोगी, घरी परतल्यावर वाट पाहणारी चूल. एखाद्या पहाटे कंबर फारच दुखते. हातात भूल देण्याच्या किंवा वेदना शमवण्याच्या औषधाचे अँप्युल असते. रोग्याला अर्धेच दिलेले असते, उरलेले टाकून द्यायचे असते. पेंटाझोसिन, ट्रामाडोल, फेंटानिल, झोपेच्या गोळ्या, ही नावे बाहेरच्या माणसाला औषधाच्या चिठ्ठीवर दिसतात. तिच्या मात्र कपाटात असतात आणि किल्ली तिच्या कमरेला असते. दारूचे म्हणाल तर त्यासाठी किल्लीचीही गरज नाही. हे सर्व पुरुष परिचारकांना, ज्यांना आपण 'ब्रदर' म्हणतो त्यांना, तितकेच लागू आहे. आम्ही 'ती' म्हणतो ते या पेशात स्त्रिया बहुसंख्य आहेत म्हणून.

अफूच्या जातीच्या औषधांचा स्वभाव असा की, शरीर त्यांना लवकर सरावते. आज जी मात्रा पुरते ती महिन्याने पुरत नाही. आणि बंद केले की अंग मोडते, घाम सुटतो, पोटात कळा येतात. मग औषध सुखासाठी घेतले जात नाही, ते दुःख टाळण्यासाठी घेतले जाते. या टप्प्याला पोचलेल्या माणसाला 'निश्चय कर' असे सांगणे म्हणजे हिवतापाच्या रोग्याला 'थरथरू नकोस' असे सांगणे होय.

एका थोर सर्जनाची गोष्ट

विल्यम हॉलस्टेड हे नाव शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार मोठे आहे. १८८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोकेनने अंगाचा एखादाच भाग बधिर करता येतो का, याचे प्रयोग त्याने स्वतःवर केले आणि तो कोकेनच्या आहारी गेला. उपचारासाठी तो इस्पितळात दाखल झाला, तर तेथून मॉर्फिनची सवय घेऊन बाहेर पडला. दुसरा कोणी असता तर तेथेच संपला असता. परंतु विल्यम वेल्श या त्याच्या मित्राने त्याला बाल्टिमोरला बोलावून घेतले. लगेच शस्त्रक्रिया करायला दिल्या नाहीत. आधी प्रयोगशाळेत काम दिले. पुढे तो जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा मुख्य सर्जन झाला. शस्त्रक्रियागृहात आज जे रबरी हातमोजे घातले जातात, त्यांची प्रथा त्याने पाडली. आणि तेही कोणासाठी, तर जंतुनाशक द्रावाने जिचे हात सोलवटत होते त्या कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेसाठी. १८९० मध्ये त्याने तिच्याशी विवाह केला.

येथवरची गोष्ट ऐकून आपण म्हणाल, पाहा, संधी दिली आणि केवढे कल्याण झाले! परंतु गोष्ट येथे संपत नाही. विल्यम ऑस्लर या त्याच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेली एक टाचण मोहोरबंद होती, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून जगाला कळले की, हॉलस्टेडचे मॉर्फिन त्यानंतरही वर्षानुवर्षे चालूच होते. मित्रांनी विश्वास टाकला; पण विचारपूस करण्याची, तपासण्याची आणि आधार देण्याची व्यवस्था कोणापाशीच नव्हती. या एका चरित्रातून दोन्ही धडे मिळतात. संधी दिली तर माणूस अमोल काम करून दाखवतो. आणि संधीबरोबर अटी नसल्या तर व्यसन त्याच्या सोबतीला मुकाट्याने बसून राहते.

गुपचूप काढून टाकण्याचे फळ

रुग्णालयात असा प्रकार उघडकीला आला म्हणजे सामान्यतः काय घडते? व्यवस्थापक बोलावतात, राजीनामा लिहून घेतात, आणि 'बोभाटा नको' म्हणून प्रकरण मिटवतात. यात सर्वांचीच अब्रू राखली असे वाटते. प्रत्यक्षात त्या व्यक्तीला कोणी उपचाराला धाडलेले नसते आणि पुढच्या मालकाला कोणी सावध केलेले नसते.

याचे टोक कोठवर जाते, ते २०१२ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात दिसले. तेथे एक तंत्रज्ञ रोग्यांच्या फेंटानिलच्या सिरिंजा चोरून स्वतःला टोचून घेई आणि त्यांत दुसरा द्राव भरून परत ठेवी. त्याला हिपॅटायटिस-सी होता. त्या एका रुग्णालयात तीसहून अधिक रोग्यांना त्याच्यामुळे ती कावीळ झाली. त्याआधी तो अनेक राज्यांतल्या रुग्णालयांतून काम करीत फिरला होता. काही ठिकाणी संशय आला, काही ठिकाणी काढूनही टाकले, परंतु तो पुढच्या गावी नव्याने नोकरीला लागतच राहिला. २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला ३९ वर्षांची शिक्षा दिली. प्रत्येक रुग्णालयाने आपले दार सुरक्षित केले आणि धोका शेजारच्या दारात नेऊन ठेवला.

दारूच्या बाबतीत आपल्या देशाचे चित्रही पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुषांपैकी शेकडा २७ जण, तर स्त्रियांपैकी शेकडा दोनांहूनही कमी जणी दारू घेतात असे आढळले. आणि दारूच्या आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. स्त्रियांचा आकडा लहान आहे म्हणून समाधान मानू नये. जी गोष्ट थोड्यांची असते ती अधिक लपवली जाते.

सशर्त परवाना म्हणजे काय

आता तिसऱ्या वाटेकडे वळू. १९८३ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने परिचारिकांसाठी एक योजना सुरू केली. व्यसन हा आजार मानून, शिक्षेऐवजी उपचार आणि देखरेख यांच्या मार्गाने तिला कामावर परत आणायचे, असे तिचे सूत्र होते. पुढे तेथील बहुतेक राज्यांनी ही कल्पना उचलली. जी स्वतःहून पुढे येते तिचे नाव पुष्कळ ठिकाणी गुप्त राहते. जिच्याविरुद्ध कारवाई होते तिचा परवाना मात्र 'प्रोबेशन'वर ठेवतात. परवाना चालू असतो, पण त्यावर अटी लिहिलेल्या असतात आणि त्या कोणालाही पाहता येतात.

या अटी राज्याराज्यांत वेगळ्या असतात. साधारण मुदत तीन ते पाच वर्षांची असते. आरंभीचे सहा महिने ते वर्षभर अमली औषधांच्या कपाटाची किल्ली मिळत नाही. ती औषधे दुसरी परिचारिका देते. रात्रपाळी नाही, जादा पाळी नाही, कोणाच्या घरी एकटीने जाऊन शुश्रूषा करणे नाही. देखरेखीला दुसरी नोंदणीकृत परिचारिका हवी. न सांगता बोलावणे येते आणि त्या दिवशी लघवीची तपासणी द्यावी लागते. व्यसनमुक्तांच्या सभांना जावे लागते, आणि वरिष्ठ ठरावीक काळाने लेखी अहवाल पाठवतात.

या अटी जाचक वाटतात खऱ्या, पण प्रत्येकीमागे कारण आहे. किल्लीचेच घ्या. औषध सुटल्यावर शरीराची सोसण्याची ताकद उतरते. पूर्वी जी मात्रा सहज पचत होती, तीच आता श्वास बंद पाडू शकते. एका दुबळ्या क्षणी हात कपाटाकडे गेला तर तो जिवावर बेततो. म्हणून किल्ली दूर ठेवणे हा अपमान नसून संरक्षण आहे. तपासणीचेही तसेच. वॉर्डातले एखादे अँप्युल कमी भरले की जुन्या व्यसनीवर पहिला संशय येतो. त्या वेळी तपासणीचा स्वच्छ कागद हाच तिचा साक्षीदार असतो.

या व्यवस्थेचे फळ काय? डॉक्टरांसाठी चालणाऱ्या अशाच योजनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १६ योजनांतील ९०४ डॉक्टर त्यात होते. ज्यांची पाच वर्षांनंतरची माहिती मिळाली, त्यांपैकी शेकडा ७८ च्या आसपास परवान्यासह आपले काम करीत होते. डॉक्टरांना पैशाचे आणि प्रतिष्ठेचे बळ असते, म्हणून हा आकडा परिचारिकांना जसाच्या तसा लावू नये. तरीही 'व्यसनी तो व्यसनीच' या समजुतीला त्याने चांगलाच तडा जातो.

काम मिळण्याची अडचण

कागदावर हे सुरेख दिसते. परंतु प्रोबेशनवरच्या परिचारिकेची खरी परीक्षा रुग्णालयाच्या दारात होते. अर्जातच प्रश्न असतो: परवान्यावर काही बंधन आहे काय? 'होय' लिहिले की पुष्कळदा अर्ज तेथेच बाजूला पडतो. तिची गोष्ट ऐकायला कोणी बोलावीतच नाही. रात्रपाळी चालत नाही, किल्ली चालत नाही, म्हणजे सोबतिणींवर भार पडणार, हाही हिशेब असतो. तपासण्यांचा खर्च तिला स्वतःच्या खिशातून करावा लागतो आणि खिशात पगार नसतो. त्यावर कडी अशी की, काही राज्यांत परिचारिकेचे काम करीत असताना गेलेला काळच प्रोबेशनमध्ये धरतात. काम मिळाल्याखेरीज मुदत सरत नाही आणि मुदत सरल्याखेरीज काम मिळत नाही!

तरीही वाट काढणाऱ्या निघतात. जेथे अमली औषधांचा संबंध थोडा आहे अशी ठिकाणे त्या शोधतात: डायलिसिस केंद्र, वृद्धांची शुश्रूषागृहे, दिवसाचे दवाखाने, विमा कंपन्यांतील कागदपत्रांची छाननी. ज्या वरिष्ठांनी त्यांचे चांगले दिवस पाहिले आहेत त्यांना समक्ष भेटतात. आणि अनुभवाने एक गोष्ट शिकतात: आपली हकीकत आपणच, थोडक्यात आणि रडगाणे न गाता सांगावी. काय घडले, कोणता उपचार घेतला, किती महिने स्वच्छ आहे, कोणत्या अटी आहेत आणि त्यामुळे मालकाला काय सोय करावी लागेल. लपवून मिळवलेली नोकरी पहिल्या चौकशीतच जाते, आणि तिच्याबरोबर उरलासुरला विश्वासही जातो.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

परिचारिकांची नोंदणी आपल्याला नवी नाही. मुंबई इलाख्यात १९३५ साली तिचा कायदा झाला. देशासाठी १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६६ चा. आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. गैरवर्तनाबद्दल नाव कमी करण्याचा अधिकार नोंदणीच्या व्यवस्थेत आहे. परंतु आजारी पडलेल्या परिचारिकेला पायरीपायरीने परत आणणारी रुळलेली वाट आपल्याकडे नाही. एकतर नाव पटावर आहे, नाहीतर नाही. मधल्या पायऱ्या कोणी बांधलेल्या नाहीत.

तरी आधार अगदीच नाहीत असे नव्हे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून शासनमान्य ठिकाणी उपचार घेऊन तो पुरा करील, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवीत नाहीत. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सवलत काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजारातच गणल्या आहेत, आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. हे अनेक परिचारिकांनाच ठाऊक नसते, आणि भीतीपोटी त्या उपचाराचे दार ठोठावीत नाहीत.

उपचाराची दारेही आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतला एक स्वतः मद्यासक्त शल्यविशारद होता, ही गोष्ट आजच्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती चळवळ १९५७ साली मुंबईत पोचली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. तेथील एक पद्धत आम्हांला फार मोलाची वाटते. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच तेथे काम आणि जबाबदारी दिली जाते. बरे झालेल्याला काम देणे हा तेथे उपचाराचाच भाग आहे.

आपल्या किनाऱ्यावर

आता उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्याकडे पाहू. अलिबागला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आणि आता त्याला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाली तालुक्यांची रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे, आणि गावोगावची दहा-वीस खाटांची खाजगी इस्पितळे. समजा, अशाच एका खाजगी इस्पितळातली सिस्टर पुण्याला जाऊन उपचार घेऊन आली. गाव लहान. ती कोठे गेली होती हे ती एस. टी. तून उतरण्याआधीच बाजारात कळलेले असते. जुन्या जागी परत घेत नाहीत. दुसरे इस्पितळ घेते, पण ते कसे? कमी पगारावर, सलग रात्रपाळीला, वॉर्डात एकटी, आणि किल्ली हातात! म्हणजे जे जे टाळायला हवे तेच नेमके तिच्या वाट्याला येते. ती पुन्हा घसरली तर आपण म्हणतो, 'आम्हांला ठाऊकच होते.' वस्तुतः तिची घसरण आपणच पाळीच्या तक्त्यात लिहून ठेवलेली असते.

याऐवजी काय करता येईल? दिवसाची पाळी द्यावी. लसीकरणाचे सत्र, गरोदर मातांची तपासणी, रक्तदाब-मधुमेहाचा दवाखाना, डायलिसिस, शाळांतील आरोग्य तपासणी अशा कामांना शुश्रूषेचे पुरे ज्ञान लागते, आणि किल्ली लागत नाही. अटी लेखी असाव्यात, मुदत ठरलेली असावी, म्हणजे कोणाच्या लहरीवर काही राहणार नाही. तपासणीचा खर्च इस्पितळाने निम्मा तरी उचलावा. ती कोणाला जबाबदार आहे, ते एकच नाव ठरलेले असावे, आणि त्या इन्चार्ज सिस्टरखेरीज इतरांना तपशील कळण्याचे कारण नाही. सभेसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्यावी. गावातल्या सभेत ओळखीचे चेहरे नको वाटत असतील, तर रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईच्या गर्दीत तिला आपले नाव न सांगता बसता येते. अफूच्या जातीच्या औषधांची ओढ आणि असर रोखणारे नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडते.

आमच्यापुढे एक आक्षेप नेहमी ठेवला जातो. 'निर्व्यसनी मुली नोकरीवाचून बसल्या असता हिलाच का घ्यावे? आणि माझी आई त्या खाटेवर असेल तर?' आक्षेप खरा आहे, आणि रोग्याची सुरक्षितता सर्वांत आधी, यात आम्हांलाही शंका नाही. म्हणूनच उत्तर असे: आपल्या आईच्या खाटेशी आज जी सिस्टर उभी आहे, तिला व्यसन नाही हे कशावरून? जेथे कबुलीची शिक्षा भाकरी जाणे हीच आहे, तेथे कोणीही कबूल होणार नाही. परतीची वाट दिसली तरच आजारी सिस्टर वेळेवर पुढे येईल. तेव्हा ही वाट तिच्या इतकीच आपल्या आईसाठीही आहे. आणि जी अटी मोडील, तिला थांबवलेच पाहिजे. अटींचा उपयोगही त्यासाठीच आहे. काहीजणी पुन्हा घसरतील. त्या लवकर कळतील, एवढे तरी साधेल.

श्रोतेहो, हे करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या सभागृहात इस्पितळांचे विश्वस्त असतील, डॉक्टर असतील. त्यांना एक पाळी आणि एक लेखी करार आजही करता येईल. कोणाच्या घरी अशी लेक किंवा सून असेल. तिला 'झाले ते झाले' म्हणून लपवू नका आणि 'संपले सगळे' म्हणून टाकूही नका. आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांना बाजारातली कुजबुज आपल्यापुरती थांबवता येईल.

खांड पडलेल्या खाचराकडे शेतकरी पहिल्या वर्षी पूर्ण पिकाच्या आशेने पाहत नाही. तो बांधावर बसतो, उघाडी राखतो आणि पाऊस पडू देतो. आपल्या हातात या बाबतीत तितकेच आहे, आणि ते पुरेसे आहे.